ज्या घरचे धोतर

१८ नोव्हेंबर १९५७, गंगाखेड

पहाटे उठून तुरीच्या डाळीतले खडे निवडले. चार निघाले. दिवाळीत माझ्या दाताखाली खडा आला, तेव्हाच मी ओळखले की सौ.ची नजर कमी झाली आहे. पण चष्म्याचे नाव काढले तर ती दोन दिवस बोलणार नाही. सबब ती उठायच्या आत ताट घेऊन खिडकीशी बसायचे, खडे काढायचे आणि ताट होते तसे ठेवून द्यायचे, असा तेव्हापासूनचा क्रम आहे. रोज चारच निघतात. बन्सीधर वाण्याचा माल एकसारखा असतो हे यावरून दिसते. खडे खिडकीच्या फळीवर ठेवतो, संध्याकाळपर्यंत तिथे नसतात. चिमण्या नेत असाव्यात.

माझे जुने धोतर परटाकडून परत आले नाही. कोपऱ्याला शाईचा निळा डाग असलेले. परीट म्हणतो, "माझ्याकडं आलंच न्हाई सायेब." सौ. म्हणते, "जुनंच तर होतं. कशाला त्या गरिबाच्या मागं लागायलाव?" तिचा स्वभाव भोळा. परटावर लक्ष ठेवायचे आहे, म्हणून उपरण्याला गाठ मारली. उपरण्याला आधीचीच एक गाठ होती, ती कशाची ते आठवले नाही.

जेवण: वांगे. शेरा: मंजूर, तथापि तिखट कमी करण्यात यावे.

१९ नोव्हेंबर

साहेबांनी आत बोलावून दार लावून घेतले. दिनकरराव तहसीलदार पुण्याकडचे. आपला मराठवाडा गेल्या साली मुंबई राज्यात गेला आणि मागोमाग हे इकडे आले. माणूस सज्जन आहे, पण इथली बोली त्यांना अर्धीच कळते, आणि उरलेल्या अर्ध्यात आपली टवाळी चालली आहे असे त्यांना वाटते.

झाले असे. दर बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळवंटात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो. पडद्यामागे दिवा ठेवतात आणि बकरीच्या कातड्याच्या रंगीत बाहुल्या त्याच्यासमोर नाचवतात. अलीकडून पाहणाऱ्याला चित्रेच चालताबोलताना दिसतात. आधी रामायण, आणि रामायणात मधेच फर्मानराव नावाच्या एका कारकुनाच्या घरची गंमत. रामायण जुनेच, फर्मानराव मात्र दर बाजारी नवा. काल साहेब तिथून चालले होते. लोक हसले आणि त्याच वेळी काही जणांनी वळून साहेबांकडे पाहिले.

"गोविंदराव, त्या फर्मानरावचं नाक माझं आहे," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, नाक हा अवयव सार्वत्रिक आहे. ते त्यांना पटले नाही. हुकूम असा: तुम्ही दर खेळ पाहा, त्यातली प्रत्येक गोष्ट कुठून उचलली आहे ते शोधा आणि फर्मानराव कोण ते लेखी कळवा. या मंडळींना परवानगी संक्रांतीच्या जत्रेपर्यंत आहे. पात्र साहेबांवर बेतलेले निघाले तर परवानगी रद्द, शिवाय तसे पत्र जिल्ह्यातल्या सगळ्या तहसिलींना. म्हणजे त्यांना पिंगळीपासून चुडाव्यापर्यंत कुठे दिवा लावायची सोय उरणार नाही.

"हे काम तुम्हालाच का सांगतो, माहीत आहे? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

वीस वर्षे निजामाच्या कचेरीत उर्दूतून 'लिहाजा' लिहिले, आता मराठीतून 'सबब' लिहितो. एवढ्या काळात असे कौतुक प्रथमच झाले. नवी वही घातली. तिला संदर्भवही हे नाव दिले.

२५ नोव्हेंबर

पहिला खेळ पाहिला. स्वतःचे बसकर घेऊन गेलो होतो. लोकांनी आपणहून पुढे जागा करून दिली आणि माझ्याकडे पाहून हसले. सरकारी माणसाचा मान गंगाखेडात अजून आहे.

टिपणे. राम आणि भरत एकाच चेहऱ्याचे. सख्खे नसले तरी भाऊच, सबब साम्य योग्य. मात्र भरतभेट गाळली, कारण समजले नाही. रावणाला नऊच डोकी. यात काही गूढ असावे. मारुती डोंगर घेऊन येतो तेव्हा एस.टी.च्या कंडक्टरसारखा ओरडतो, आणि पाठीमागे पळणाऱ्या वानरांना न घेताच निघून जातो. याचा संदर्भ सर्वांना ठाऊक आहे. सीतेच्या शोकाची चाल परभणीच्या टॉकीजमध्ये गेल्या पावसाळ्यात लागलेल्या तलवारीच्या बोलपटातली. तिथे ती नाचाला होती.

आता फर्मानराव. तो वहाण घालण्याआधी ती तीनदा आपटतो आणि म्हणतो, "आत कोण आहे? हजर व्हा!" लोक लोळून हसले. विंचवाच्या मुलखात हे शहाणपणाचेच आहे, मीही रोज असेच करतो. सबब यात हसण्यासारखे काय ते कळले नाही. जेवताना तो भाजीवर शेरा देतो. हा टोला जुन्या निजामी अंमलदारांना. दर वाक्याला 'सबब' म्हणतो. हे मात्र काळजीचे आहे, कारण साहेबांच्या पत्रांत 'सबब' फार येते. (पत्रे मीच लिहितो, पण सही त्यांची असते.)

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक निळा डाग. चंद्राची कल्पना असावी. सुंदर.

घरी येऊन सौ.ला सगळा खेळ सांगितला. ती तोंडाला पदर लावून बसली होती. दाढ दुखत असावी.

२७ नोव्हेंबर

बाहुलीवाल्यांच्या पालावर गेलो. म्होरक्या मुंजाजी, त्याची बायको कडूबाई. बाहुल्या तो नाचवतो, आवाज सगळे तिचे. रावणाचा आवाज एवढ्याशा बाईच्या गळ्यातून येतो हे ऐकून थक्क झालो.

रावणाच्या नऊ डोक्यांमागचे तत्त्व विचारले. मुंजाजी म्हणाला, "एक उंदरानं खाल्लं, सायेब."

फर्मानराव कोण, असे सरळच विचारले. मुंजाजीने बायकोकडे पाहिले. बायकोने आभाळाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "आमी कुणाचं नाव घेत न्हाई, सायेब. पर आमची एक रीत हाय. ज्या गावात खेळ, त्या गावातलं धोतर मागून पडदा करायचा. अन् ज्या घरचं धोतर, त्या घरची गंमत. त्या घरची बाई आपणहून सांगती, तवाच. बळंच कुणाचं काडत न्हाई."

"का?"

"धोतर दिलंय म्हणल्यावर त्या घराचं नाव झालं पायजे की."

फार मोलाची माहिती. सबब ज्याने धोतर दिले तो फर्मानराव. साहेब पाटलोण घालतात, ते सुटले. आता ते घर शोधायचे. मी कडूबाईला विचारले, "तू आमच्या गल्लीतही येतेस ना? कुणी दिलं धोतर?" ती म्हणाली, "एका देवमाणसाच्या बाईनं." गावात देवमाणसे कोण कोण आहेत याची यादी करायला घेतली आहे. अजून कोरीच आहे.

२ डिसेंबर

आजचा खेळ अद्भुत. फर्मानरावची बकरी आकाशात गेली. रशियाने गेल्या महिन्यात आभाळात कुत्री सोडली, ते वर्तमान कचेरीतल्या पेपरात आले होते आणि मीच पारावर वाचून दाखवले होते. त्या दिवशी कडूबाई पाराशी उभी असल्याचे आठवते. बकरी वर जात असताना फर्मानराव खालून ओरडतो, "परवानगी घेतली का? तीन प्रतींत अर्ज कर!" बकरी वरून लेंड्या टाकते. त्या मोजून तो आवक म्हणून नोंदवतो. सगळे वाळवंट हसत होते. मीही हसलो, हे प्रांजळपणे नमूद करतो. असला माणूस आपल्या कचेरीत असता तर कठीण झाले असते.

त्याच्या उपरण्याला आज गाठीच गाठी होत्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या उपरण्याकडे पाहिले आणि त्याला ठसका लागला. पाणी दिले.

डाळ: चार.

१० डिसेंबर

अहवाल सादर केला. एकंदर त्रेचाळीस संदर्भ, प्रत्येकाचे मूळ दिलेले. फर्मानरावची चाल बोलपटातल्या विनोदी नटाची, बोलणे जुन्या दफ्तरातले, नाक पौराणिक. निष्कर्ष: पात्र अनेकांपासून बनले असून कोणी एक इसम नाही.

साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला. "गोविंदराव, त्रेचाळीस ठिकाणची माहिती आहे, पण माणूस नाही. मला एक जिवंत, नावगाव असलेला माणूस हवा. तो दाखवलात तर परवानगी राहील. नाही तर तो मी आहे असं मी धरून चालणार. संक्रांतीआधी काय ते सांगा."

कचेरीतले नाझर माणिकराव बाहेर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "राव, तुमाला खरंच कळंना का?" मी म्हणालो, काम चालू आहे. ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

२४ डिसेंबर

दुपारी जेवायला घरी आलो तर परसदारी कडूबाई सौ.शी बोलत होती आणि रडत होती. कचेरीतली बातमी पालापर्यंत गेलेली दिसते. मी आत थांबलो.

"गेल्यासाली एका गावानं असंच हाकललं, वैनी. दोन महिने दिवा लागला न्हाई. मग बाहुल्या इकाव्या लागल्या. राम इकला."

सौ. म्हणाली, "अगं, राम कशाला इकलीस? रावण इकायचा."

"रावण कोण घेतंय? राम घ्यायला समदी येतेत. आता भरतालाच मुकुट घालून राम करायलोत. दोघं एकदम आले की पंचाईत. जत्राबी गेली तर सीता जाईल. मग काय दावायचं लोकायला?"

माझ्या वहीत 'भरतभेट गाळली, कारण समजले नाही' असे आहे. ते खोडून बाजूला कारण लिहिले. मन खट्टू झाले. त्रेचाळीस संदर्भ लावले आणि पुढ्यातले हे कळले नाही.

कडूबाई गेल्यावर सौ. माझ्याजवळ आली. काही बोलायचे होते तिला. पण म्हणाली, "भाजी वाढू का?"

शेरा दिला नाही.

३० डिसेंबर

खेळ पाहिला. नवे नाव काही हाती नाही. लोक हसत होते, मला हसू आले नाही. साहेबांनी परवानगी रद्द करण्याच्या हुकमाचा मसुदा करायला सांगितले. मीच करायचा. 'सबब' एवढे लिहून ठेवले आहे, पुढे लेखणी चालली नाही.

६ जानेवारी १९५८

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

खेळ नेहमीसारखा सुरू झाला. फर्मानरावने भाजीवर शेरा मारला, बायकोला, म्हणजे रंगूबाईला, हुकूम सोडले, वहाण आपटली. लोक हसले. मग पडद्यावर पहाट झाली. कडूबाईने कोंबड्याची बांग दिली. रंगूबाई झोपलेली. फर्मानराव चोरपावलांनी उठला, ताट घेतले, खिडकीशी बसला आणि डाळीतले खडे काढू लागला. एकेक खडा उजेडाकडे धरून पाही. आणि हळू आवाजात बायकोला म्हणे, "तुला सांगायचं न्हाई. तुला वाईट वाटंल." चार खडे काढून त्याने फळीवर ठेवले आणि पुन्हा येऊन पडला, घोरायचे सोंग करत.

लोक आधी हसले. मग हसू थांबले. मागे कुणी बाई नाक ओढत होती.

मी वही उघडून 'संदर्भ' असे लिहिले. पुढे काय लिहावे ते सुचेना. हे मी कुणाला सांगितलेले नाही. पेपरात आलेले नाही, बोलपटात नाही, रामायणात तर नाहीच. या रोजनिशीखेरीज कुठे नाही, आणि ही रोजनिशी घरी पेटीत असते. मान वर केली तर फर्मानरावच्या डोक्यावर तो निळा चंद्र. दौत सांडली तो दिवस आठवला. परटाची मनातल्या मनात माफी मागितली.

म्हणजे वहाणा माझ्या, सबब माझे, गाठी माझ्या. सारा तालुका दीड महिना मला हसत होता आणि मी त्यांच्या पुढे बसकर टाकून बसत होतो. कानाची पाळी तापली. उठून जावे असे वाटले, पण उठलो असतो तर पडद्यावर फर्मानराव आणि पडद्यापुढे मी, असे दोघे लोकांना एकदम दिसले असते. सबब बसून राहिलो.

आणि दुसरे. ती जागी असते. रोज पहाटे ती जागी असते आणि मला बघते.

७ जानेवारी

कालच्या खेळाबद्दल सौ.ला काही विचारले नाही. जेवायला बसलो, भाजी संपवली. शेवटी ती म्हणाली, "आज शेरा न्हाई का?"

"मंजूर," मी म्हणालो.

"तथापि?"

"तथापि काही नाही."

तिने पदराने डोळे टिपले. कांदा चिरलेला नव्हता. मग म्हणाली, "मी सांगणार होते तुमाला. पर तुमी इतके हौसेनं लिहायलात, म्हणलं कसं सांगावं. रागावलात का?" मी म्हणालो, विचाराधीन आहे. ती हसली आणि मलाही हसू आले.

८ जानेवारी

दुसरा अहवाल सादर केला. सकाळपासून चार मसुदे फाडले. पत्र तीन टेबलांवरून जाते, आवक-जावक होते, दफ्तरात कायमचे राहते. माझ्यामागून येणारा प्रत्येक कारकून ते वाचणार. तरी लिहिले:

'सदर फर्मानराव हे पात्र म्हणजे खाली सही करणार इसम होय. पडदा इसमाच्याच धोतराचा असून ते त्याच्या पत्नीने राजीखुशीने दिले आहे. वहाण, उपरणे, शेरे व डाळीतले रोजचे चार खडे यांची खातरजमा केली. नाकाबाबत आरशात पाहून खात्री केली. इसमाची तक्रार नाही. सबब खेळाची परवानगी कायम ठेवण्यात यावी.'

साहेबांनी ते दोनदा वाचले. "म्हणजे मी नाही?"

"नाही, साहेब."

"नाकसुद्धा?"

"माझंच आहे."

त्यांचा चेहरा सुटला, आणि मग, काय सांगावे, थोडा उतरलाही. "लोक माझ्याकडे बघत होते ते?"

"मला वाटतं, साहेब हसतात की नाही ते बघत होते."

त्यांनी पत्र पुढ्यात ओढले. मग मंजुरीची सही केली आणि विचारले, "खडे खरंच रोज चार?"

बाहेर माणिकरावांनी पत्र हाती घेतले. मी डोळे मिटून उभा. ते म्हणाले, "राव, हे नोव्हेंबरापासून समद्या तालुक्याला ठावं हाय. तेवढे तुमीच राहिले होते." आणि चहा मागवला.

१४ जानेवारी, संक्रांत

जत्रेचा खेळ. सौ. प्रथमच माझ्याबरोबर आली. माझ्या डाव्या हाताला साहेब. लोकांनी तिघांनाही पुढे जागा दिली आणि हसले. मीही त्यांच्याकडे पाहून हसलो, त्यामुळे ते जरा बिचकले.

आज नवे पात्र आले. टोपीवाला, छत्रीवाला, लांब नाकाचा साहेब. कुणीही काही बोलले की तो म्हणे, "हे माझ्याबद्दल आहे का?" बकरी ओरडली तरी, "हे माझ्याबद्दल आहे का?" झाले, आता सगळे पुन्हा पहिल्यापासून, असे वाटले. बाजूला पाहिले तर साहेब माझा दंड धरून सांगत होते, "गोविंदराव! हा मी! नाक बघा, नाक बरोबर आहे!" असे खुललेले साहेब मी पाहिले नव्हते. पडद्याला पुण्याहून नवे धोतर मागवतो म्हणाले.

मग शेवटचा प्रवेश. पडद्यावर पहाट. फर्मानरावने चार खडे काढून फळीवर ठेवले, जेवला, शेरा दिला, वहाण आपटून कचेरीला गेला. तो गेल्यावर रंगूबाई उठली. फळीवरचे चारही खडे तिने वेचले, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. संध्याकाळी डाळ निवडून स्वच्छ केली. ताटाकडे पाहिले, गाठ सोडली आणि एक, दोन, तीन, चार खडे मोजून डाळीत टाकले.

"त्येंना पहाटचं तेवढंच एक काम असतंय माझ्यासाठी," कडूबाईचा आवाज म्हणाला. "ते कशाला मोडू?"

हशा नदीच्या पलीकडे गेला असेल. मी सौ.कडे पाहिले नाही. तिनेही माझ्याकडे पाहिले नाही. तिळगुळाची पुडी तिच्या हातात होती, ती तिने माझ्या हातात दिली आणि हात तिथेच राहू दिला.

संदर्भवहीत आज काही लिहिले नाही.

१६ जानेवारी

बाहुलीवाले काल गेले. साहेबांनी त्यांना शिफारसपत्र दिले, मसुदा माझा. जाताना मुंजाजीने सांगितले की जत्रेच्या कमाईतून आधी राम करणार. मी म्हणालो, भरतभेट बसवली की कळवा, आम्ही दोघे येऊ.

पहाटे उठून डाळ निवडली. चार निघाले. आज प्रथमच ते नीट पाहिले. एक तांबूस, एक चपटा, एकाची कड उडालेली, एक अगदी गोल. ओळखीचे वाटले. दिवाळीपासून हेच चार आहेत. बन्सीधरच्या मालाबद्दलचे मत मागे घेतो.

आतून बांगड्या वाजल्या आणि लगेच घोरल्याचा आवाज आला. सौ. घोरत नाही.

खडे फळीवर ठेवले. आजवर पार टोकाला ठेवत होतो. तिला वाकून हात लांबवावा लागत असेल. आज अलीकडे, तिच्या उजव्या हाताला येतील असे ठेवले.